घरभाड्याचे शतक : जमा, खर्च आणि दुरुस्ती

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा प्रेमळ आग्रह झाला. धर्म आणि तत्त्वज्ञान या विषयांवर लेखणी चालविण्याचा माझा अधिकार नाही. माझे आयुष्य कापडाच्या पेढीवर, ताग्यांच्या आणि खतावण्यांच्या सहवासात गेले. तेव्हा ज्या विषयाशी व्यापारी म्हणून माझा निकटचा संबंध आला, तोच निवडणे उचित वाटले. तो विषय म्हणजे घरभाडे.

आपल्या समाजात दुकानाच्या नफ्यातून चार पैसे शिल्लक पडले की एखादी खोली, एखादा गाळा किंवा सदनिका घेऊन ती भाड्याने देण्याची प्रथा जुनी आहे. कित्येक कुटुंबांत वृद्धांचा औषधोपचार आणि विधवा भगिनींचा चरितार्थ या भाड्यावरच चालतो. अनेक धर्मादाय संस्थांच्या उत्पन्नातही भाड्याचा वाटा असतो. असे असूनही भाड्याची इमारत कशी टिकवावी, याचा विचार आपण फारसा करीत नाही. गेल्या शतकाचा इतिहास पाहिला, तर भाड्यातून दुरुस्तीचा हिस्सा ज्याने प्रथम बाजूला काढला त्याचीच वास्तू टिकली, हे ठळकपणे दिसते. तो इतिहास आणि त्यातून मिळणारा व्यावहारिक बोध थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

भाड्याने दिलेले बेट

मुंबईचा आणि भाड्याचा संबंध फार जुना आहे. पोर्तुगिजांकडून आंदण म्हणून मिळालेले मुंबई बेट इंग्लंडच्या राजाने १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीला वार्षिक अवघ्या दहा सुवर्ण पौंड खंडाने दिले. पुढे याच बेटावर जमिनीच्या किमतींनी लोकांना वेड लावले. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हाती आलेला पैसा समुद्र हटवून जमीन तयार करणाऱ्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये ओतला गेला. सुरतेचे जैन श्रेष्ठी प्रेमचंद रायचंद त्या काळचे सर्वांत मोठे व्यापारी. युनिव्हर्सिटीचा राजाबाई टॉवर त्यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे दिलेल्या देणगीतून उभा राहिला, हे वाचकांना ठाऊक असेलच. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि त्याबरोबर जमिनीच्या कंपन्याही बुडाल्या. उद्या भाव वाढेल या एकाच आशेवर कर्ज काढून स्थावरात उतरणाऱ्याची काय गत होते, हा धडा मुंबईने दीडशे वर्षांपूर्वीच गिरविला.

मात्र गिरण्या वाढत राहिल्या आणि कोकणातून, घाटावरून कामगारांची रीघ लागली. त्यांच्यासाठी मालकांनी चाळी बांधल्या. दहा बाय बाराची खोली, समोर सामाईक सज्जा, मागे सामाईक नळ आणि संडास असे त्यांचे स्वरूप होते. कमीत कमी जागेत जास्तीत जास्त बिऱ्हाडे बसविणे, हा त्यामागील हिशेब. त्याचे फळ १८९६ साली दिसले. सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा रुग्ण डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला आणि पाहता पाहता शहर रिकामे होऊ लागले. प्रकाश आणि वारा नसलेल्या कोंदट चाळींत साथीने थैमान घातले. सरकारने १८९८ साली बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना केली. दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले गेले, दादर-माटुंग्यास आखीव वसाहती झाल्या आणि बीआयटी चाळी उभ्या राहिल्या.

पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर लॉईड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता आणि त्याच्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविण्यात आला. प्रत्यक्षात वरळीस १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीस १२, अशा एकूण २०७ चाळी झाल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या, म्हणजे संकल्पाच्या एक-तृतीयांशच. आणि एवढ्या खोल्याही कित्येक वर्षे भरल्या नाहीत. गिरणीपासूनचे अंतर, वाहतुकीची गैरसोय आणि परवडेनासे भाडे यांमुळे कामगार तेथे जाईना. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या रिकाम्या चाळींचा उपयोग सरकारला तात्पुरता तुरुंग म्हणून करावा लागला! घर बांधले म्हणजे भाडेकरू येतोच असे नाही, ते त्याच्या पोटापाण्याच्या ठिकाणाजवळ असावे लागते, ही गोष्ट आजही तेवढीच खरी आहे.

गोठलेले भाडे

युद्ध आले की घरांची टंचाई होते आणि भाडी भडकतात. म्हणून १९१८ साली मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. तो तात्पुरता होता आणि १९२०-३० च्या दशकाच्या अखेरीस ते बंधन उठले. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा नियंत्रण आले आणि त्यातून १९४७ चा ‘मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम’ जन्मास आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच त्या जागेचे ‘प्रमाण भाडे’ ठरले. प्रमाण भाडे देणाऱ्या भाडेकरूला कायद्यात नमूद कारणांखेरीज काढता येईना.

या कायद्याला दोष देण्याआधी त्या काळची परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत होते. कायदा नसता तर हजारो गरीब कुटुंबे रस्त्यावर आली असती. आपल्या समाजातीलही असंख्य छोट्या दुकानदारांनी याच कायद्याच्या आधारे बाजारपेठेत पाय रोवले, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. दोष कायद्याच्या हेतूत नव्हता. तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत अर्धशतक चालला आणि त्या काळात चुना, विटा, सागवान, मजुरी या सर्वांचे भाव वाढत गेले, भाडे तेवढे जागचे हलले नाही, हे दुखणे होते.

आकडा बोलका असतो. समजा, १९४० साली एका खोलीचे भाडे वीस रुपये होते. त्या काळी वीस रुपयांत गवंडी-सुतार लावून घराची डागडुजी होत असे. तेच वीस रुपये १९९० साली कौले शाकारण्यासही पुरेनात. मालकाने हात वर केले. भाडेकरू म्हणे, ‘घर मालकाचे, मी का खर्च करू?’ मालक म्हणे, ‘राहतो तो, मी का खर्च करू?’ या वादात पावसाळे मात्र थांबले नाहीत. पन्हळ फुटली, भिंतीत पाणी मुरले, तुळईची टोके कुजली. ताग्याला कसर लागावी आणि वरून घडी तशीच दिसावी, तशी या इमारतींची अवस्था झाली.

पुण्याच्या पेठांनी हेच अनुभवले. पेशवाईतील आणि त्यानंतरचे वाडे कुटुंबाचा विस्तार आणि गरज यांनुसार खोल्याखोल्यांनी भाड्याने दिले गेले. या वाड्यांच्या वरच्या भिंती पुष्कळदा पांढऱ्या मातीच्या असत आणि पाणी हा त्यांचा मोठा शत्रू. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेकाठच्या पेठांतील कितीतरी वाडे त्या पुरात विरघळले. जे वाचले, त्यांतील अनेक पुढच्या चाळीस वर्षांत गळतीने आणि वाटण्यांच्या तंट्यांनी संपले. पुराने एका दिवसात जे केले, तेच न बुजविलेल्या गळतीने हळूहळू केले.

पागडी आणि उपकर

कायदेशीर भाडे कमी आणि जागेची किंमत जास्त, या दोहोंमधील फरक कोठेतरी बाहेर पडणारच. तो पागडीच्या रूपाने बाहेर पडला. काळबादेवीच्या कापडबाजारातील गाळ्यांच्या पागड्या भाड्याच्या हजारो पटींनी मोठ्या झाल्या. १९४७ च्या कायद्यानुसार पागडी घेणे हा गुन्हा होता, म्हणून तो व्यवहार वहीत न येता होई. परिणाम असा की मालकाला एकदम रक्कम मिळे, परंतु ती इमारतीत परत जात नसे. ज्या पैशाची वहीत नोंद नाही, त्यातून दुरुस्ती निधी कधीच निघत नाही.

इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ साली मुंबई शहर बेटासाठी इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यातून मंडळाने दुरुस्ती करावी, अशी ही योजना. उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ भरली आणि त्यांपैकी १६,५०२ या १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. पुढे हे काम १९७७ साली स्थापन झालेल्या म्हाडाकडे आले. मंडळाने बरेच काम केले, तरी दुर्घटना थांबल्या नाहीत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीतही तसेच झाले. उपकर भरला म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे मालक आणि भाडेकरू या दोघांनीही मानू नये. मुंबईबाहेरील शहरांत तर असे मंडळही नाही. तेथे जबाबदारी सर्वस्वी मालकाचीच.

१९८६ साली म्हाडा कायद्यात दुरुस्ती होऊन, उपकरप्राप्त इमारतीतील सत्तर टक्के भाडेकरूंनी सहकारी संस्था करून मागणी केल्यास मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत संपादित करण्याची तरतूद आली. मालकांनी तिला आव्हान दिले आणि त्या वादातील घटनात्मक प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपुढे गेला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही आपोआप ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही, असा बहुमताचा निर्णय ५ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला. निर्णयास तीस वर्षांहून अधिक काळ लागला. एवढ्या काळात किती तुळया कुजल्या असतील, याचा विचार व्हावा.

१९९७ चा निकाल आणि १९९९ चा कायदा

भाडे १९४० च्या पातळीवर गोठविणे आता वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर १९९७ रोजी मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सांगितले. जुना कायदा रद्द न करता शासनाला नवा कायदा करण्याची संधी दिली गेली. त्यातून ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. घरमालक व भाडेकरू या दोघांनीही त्यातील पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात.

एक, भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करता येते. मात्र मूळ आकडाच लहान असल्याने ही वाढ तुटपुंजी आहे. वीस रुपयांना चक्रवाढीने चार टक्के धरले, तरी पंचवीस वर्षांनी ते त्रेपन्न होतात. त्यात आज सिमेंटची एक गोणीही येत नाही.

दोन, पागडी व अनामत घेणे या कायद्याने वैध ठरविले. ती रक्कम धनादेशाने घेऊन हिशेबात दाखविण्यास आता कोणतीच अडचण नाही.

तीन, जागा चांगल्या स्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. नोटीस देऊनही त्याने दुर्लक्ष केल्यास भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च मर्यादेत भाड्यातून वळता करू शकतो.

चार, दुरुस्तीसाठी जागा रिकामी करून घेतली, तर काम झाल्यावर परत येण्याचा भाडेकरूचा हक्क कायम राहतो. हे लेखी दिले की निम्मे तंटे मिटतात.

पाच, करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

गुंतवणुकीचा ताळेबंद

आता व्यवहाराकडे वळू. कापडाच्या धंद्यात भांडवल वर्षातून तीन-चार वेळा फिरते. इमारतीत अडकलेले भांडवल फिरत नाही. म्हणून खरेदीपूर्वी ताळेबंद मांडावा. उदाहरणादाखल, साठ लाखांची सदनिका घेतली. मुद्रांक शुल्क व नोंदणी यांचे सुमारे साडेचार लाख आणि प्रारंभीच्या दुरुस्तीचे तीन लाख, असे एकूण साडेसदुसष्ट लाख गुंतले. भाडे दरमहा पंधरा हजार, म्हणजे वर्षाला एक लाख ऐंशी हजार. आता खर्च पाहा. वर्षातून एक महिना जागा रिकामी राहील, हे धरून पंधरा हजार वजा. सोसायटीचे शुल्क चोवीस हजार, मालमत्ता कर दहा हजार आणि दुरुस्तीसाठी भाड्याचा सहावा हिस्सा तीस हजार. उरले एक लाख एक हजार. गुंतवणुकीवर हे दीड टक्का झाले! घराची किंमत वाढेल ही आशा ठेवण्यास हरकत नाही, पण तिला उत्पन्न समजू नये. कर्ज काढून घेतलेल्या घराचा हप्ता भाड्यातून फिटेल, असे जो कोणी सांगेल त्याच्याकडून हाच ताळेबंद लिहून घ्यावा.

सहावा हिस्सा मी कोठून आणला, असे कोणी विचारील. १९२२ च्या आणि त्यानंतरच्या १९६१ च्या आयकर कायद्यात घरभाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीसाठी एक-षष्ठांश वजावट मिळत असे. म्हणजे मालक भाड्याचा सहावा भाग दुरुस्तीवर घालील, हे सरकारनेच गृहीत धरले होते. आज महापालिकेचा कर वजा जाता उरलेल्या रकमेवर सरसकट तीस टक्के वजावट मिळते, दुरुस्ती केली असो वा नसो. ही सवलत खिशात घालण्यासाठी नसून इमारतीत घालण्यासाठी आहे, असे मानणाऱ्यालाच मी शहाणा म्हणेन. दरमहा भाडे जमा झाले की सहावा हिस्सा वेगळ्या बचत खात्यात टाकावा आणि मुलाच्या लग्नालाही त्याला हात लावू नये. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल, तर हा हिस्सा चौथ्या भागापर्यंत न्यावा.

निवड करताना बाजारपेठ, शाळा, दवाखाना आणि बस किंवा रेल्वे यांपासूनचे अंतर पाहावे. वरळीच्या रिकाम्या चाळी आठवाव्यात. उन्हाळ्यात घर पाहून व्यवहार करू नये, एक पावसाळी फेरी अवश्य मारावी. मालकी हक्काची कागदपत्रे किमान तीस वर्षे मागे जाऊन वकिलाकडून तपासावीत. जुन्या वाड्यातील किंवा चाळीतील हिस्सा घेताना प्रत्येक वारसाची संमती आणि प्रत्येक भाडेकरूची जुनी पावती पाहावी.

दुरुस्तीचा क्रम

बहुतेक मालक रंगापासून सुरुवात करतात. खरा क्रम याच्या उलट आहे. प्रथम छप्पर आणि गच्ची, मग नळ, मोरी व सांडपाणी, त्यानंतर इमारतीचा सांगाडा, मग वीज आणि सर्वांत शेवटी गिलावा, लादी व रंग. पाणी थांबल्यावाचून केलेला रंग म्हणजे ओल्या कापडावर केलेली इस्त्री.

जुन्या लाकडी सांगाड्याच्या इमारतीत तुळईचे भिंतीत शिरलेले टोक आधी कुजते. सुतार बोलावून तेथे पेचकस टोचून पाहावा. तो सहज आत गेला, तर विलंब करू नये. चाळींत मागच्या बाजूचे संडास आणि मोऱ्यांची भिंत सर्वांत कमजोर असते, कारण तेथे पाणी बारमाही झिरपते. भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप लहानपणीच मुळासकट काढावे. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नये. चुना ओलावा बाहेर टाकतो, सिमेंट तो आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता थोडे उरले आहेत, पण शोधल्यास मिळतात.

सिमेंट काँक्रीटच्या इमारतीत गंजलेली सळई फुगते आणि वरचा थर फोडते. अशा ठिकाणी नुसता गिलावा थापणे म्हणजे जखमेवर पदर ओढणे. सैल काँक्रीट काढून, सळईचा गंज खरवडून, गंजरोधक लेप देऊन मगच भरावे. गच्चीचा कोबा केल्यावर आणि स्नानगृहाची लादी बसविण्यापूर्वी चोवीस तास पाणी साठवून खाली ओल येते का, ते पाहावे. वायरिंग जुने असेल तर ते पूर्ण बदलावे. पंखा-दिव्यासाठी घातलेल्या तारेवर आज वातानुकूलन यंत्र चालते, हे धोक्याचे आहे. प्रत्येक भाडेकरूला स्वतंत्र वीजमीटर द्यावा. खोली मोठी करण्यासाठी भिंत पाडण्याचा मोह झाला, तर अभियंत्याचे मत आणि महापालिकेची परवानगी यांवाचून हातोडा उचलू नये. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे मुंबईत आणि राज्यातील इतर महानगरपालिकांच्या हद्दीत कायद्याने बंधनकारक आहे. महापालिकेच्या नोटिशीची वाट कशाला पाहावी?

करार आणि माणुसकी

१९७३ साली जुन्या कायद्यात एक दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक म्हणून जागेत होते, ते भाडेकरू ठरले. तेव्हापासून मालकांच्या मनात भीती बसली आणि घरे कुलूपबंद ठेवण्याची वृत्ती वाढली. आज परिस्थिती निराळी आहे. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार संगणकाद्वारे नोंदविता येतो. मुद्रांक शुल्क मुदतीतील एकूण भाडे आणि अनामतीवरील ठरावीक व्याज यांवर पाव टक्का आहे. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्यास दुप्पट शुल्क द्यावे लागते आणि त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते. करार नोंदवावा, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी, सोसायटीला कळवावे. सोसायटीने बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक लावू नये, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे, तोही माहीत असावा. जागा देताना भिंती, नळ, पंखे यांची यादी व छायाचित्रे दोघांच्या सहीने ठेवावीत, म्हणजे अनामत परत करताना वाद होत नाही.

आणि कागदापलीकडेही काही आहे. भाडेकरूचा नळ गळतो, हा निरोप आल्यावर जो मालक त्याच आठवड्यात प्लंबर पाठवितो, त्याचे घर सहसा रिकामे राहत नाही. चांगला भाडेकरू टिकविण्यासाठी पाचशे रुपये कमी घेणे हे एक महिना घर रिकामे ठेवण्यापेक्षा स्वस्त पडते. हा हिशेबही आहे आणि माणुसकीही.

विश्वस्तांसाठी दोन शब्द

सार्वजनिक न्यासाची इमारत विकताना किंवा तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देताना धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याचे कलम ३६ प्रत्येक विश्वस्ताने वाचलेले असावे. परंतु कायद्याहून मोठी जबाबदारी पुढच्या पिढीची आहे. ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपण मंदिरापुरताच वापरतो. नवीन मंदिर बांधण्यापेक्षा जुन्याचा उद्धार अधिक पुण्याचा, असे आपले वडीलधारे सांगत आले आहेत. ज्या गाळ्याच्या भाड्यातून पूजेचा आणि पाठशाळेचा खर्च चालतो, त्या गाळ्याचे छप्परही याच भावनेने पाहिले जावे. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात ‘इमारत दुरुस्ती निधी’ असे स्वतंत्र शीर्षक असावे, त्यात भाड्याचा ठरावीक हिस्सा अगोदर जमा व्हावा आणि वार्षिक सभेत त्याचा हिशेब वाचून दाखवावा. देणगी मिळाली की नवी इमारत, ही रीत चांगली आहे, पण मे महिन्यात जुनी पन्हळ साफ करणे ही त्याहून चांगली.

आज ज्या कुटुंबांच्या वाट्याला जुना वाडा किंवा चाळीचा हिस्सा आलेला आहे, त्यांच्यापुढे विकावे, पुनर्विकासास द्यावे की दुरुस्त करावे, असा प्रश्न आहे. सर्वांना एकच उत्तर देता येणार नाही. एवढे मात्र निश्चित सांगता येते की निर्णय होईपर्यंत गळती थांबवावी, टेकू लावावेत आणि धोका असल्यास माणसे हलवावीत. भावाभावांतील वाद न्यायालयात वर्षानुवर्षे थांबतो, तुळई थांबत नाही. तिच्याखाली कोणाचे तरी लेकरू झोपलेले असते.

ट्रस्टच्या संस्थापकांनी पन्नास वर्षांपूर्वी लावलेला वृक्ष आज बहरला आहे. त्याची सावली शताब्दीपर्यंत टिकावी आणि आपल्या प्रत्येकाची वास्तू, स्वतःची असो वा भाड्याची, सुरक्षित राहावी, ही जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!